खांद्याचं ओझं कमरेवर

"काकू, कढीपत्ता तोडताय तो तोडा, पण जरा इकडे या. मागच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर भाडेकरू आलेत ना, त्यांच्याकडची बातमी आहे."

काकू डहाळीसकट भिंतीपाशी आल्या. आमच्या कोथरूडच्या गल्लीत दोन बंगल्यांमधली ही भिंत जेमतेम कमरेएवढी आहे. आणखी दोन फूट चढवली असती तर गल्लीतली निम्मी माहिती पलीकडेच राहिली असती.

"काय, भांडण झालं?"

"छे हो. खांदे धरलेत."

"कुणाचे?"

"दोघांचेही. त्याचा डावा, तिचा उजवा. दोघांत मिळून दोनच खांदे धड, आणि बाळ पाच महिन्यांचं, साडेसात किलोचं."

"साडेसात! छान बाळसं धरलंय की."

"डॉक्टरांच्या तक्त्यात मुलग्यांसाठी अगदी मधोमध बसतं म्हणे. वर्षाचं होईस्तोवर साडेनऊच्या घरात जाईल. आणि बापाचा खांदा आहे फ्रोजन शोल्डर. तो सुटायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. म्हणजे खांदा सुटायच्या आधी पोरगं चालायला लागणार. लग्न उशिरा, मूल उशिरा, त्याची चाळिशी उलटलेली, त्यात साखर. साखर असली की हा खांदा जास्त धरतो, आणि तोही बहुतेक चाळीस ते साठच्या मध्येच. पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही बिचाऱ्याला."

"आणि तिला काय झालं? ती तर काडीसारखी आहे."

"तिचं वेगळं. तासन्‌तास पुढे वाकून पाजायचं, मान खाली, खांदे पुढे. वर हात नेला की कळ येते. शिवाय अंगठ्याच्या मुळाशी मनगट सुजलंय. काखेत हात घालून बाळ उचलतो ना आपण, अंगठे ताणून, त्यानं होतं ते. डि क्वेर्वेन नावाच्या स्विस सर्जननं १८९५ मध्ये लिहून ठेवलेलं दुखणं आहे."

काकूंना १८९५ शी काही देणंघेणं नव्हतं. "अगं, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? घ्यायचं कडेवर आणि लागायचं कामाला. माझ्या माहेरी फलटणकडे ऊसतोडीला बीडहून बायका यायच्या. फडाच्या कडेला झाडाला लुगड्याची झोळी, पोर त्यात. रडलं की कडेवर. कुणाचा खांदा धरला नाही."

"धरला असेल हो, सांगणार कुणाला?" मी म्हटलं. काकू गप्प झाल्या. "पण तुमचं कडेवरचं बरोबर आहे. माझी भाची रविवारी आली होती, फिजिओथेरपिस्ट आहे ती, तीही हेच म्हणाली. कडेवर घेतलं की वजन कमरेच्या हाडावर येतं, खांद्यावर नाही. बाळाचे पाय दोन्हीकडे फाकलेले, गुडघे बुडाच्या वर. त्याच्या खुब्यालाही तेच चांगलं. फक्त एक हात अडकतो, आणि आपण एकाच बाजूला वाकून उभ्या राहतो. कणा रोज त्याच बाजूला तिरका."

"मग तिला बोलावली होती का त्यांनी, तुझ्या भाचीला?"

"बोलवायची कशाला वाट बघायची? मी सरळ वर घेऊन गेले."

काकूंनी हसू दाबलं.

"आता ऐका, मुळात घोळ कुठे झाला ते. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी बारशाला रिंग स्लिंग दिली. कापड देखणं, हातमागाचं, टोकाला ॲल्युमिनियमच्या दोन कड्या. कड्यांतून कापड ओवायचं, एका खांद्यावरून तिरकं घ्यायचं, पुढे नाहीतर कडेला बाळ बसवायचं. १९८१ मध्ये हवाई बेटांवर रेनर गार्नर नावाच्या एका बापानं काढलेली युक्ती आहे ती. पटकन घालता येते, पटकन काढता येते, पाजताना आडोसाही होतो. ज्यांचे खांदे धड आहेत त्यांना उत्तमच. पण वजन सगळं एका खांद्यावर."

"मग चांगल्या खांद्यावर घ्यायची."

"तेच केलं तिनं. पण कापडाचं शेपूट ओढून घट्ट करायला दुखराच हात लागायचा. आणि सैल राहिलं की बाळ खाली लोंबतं, पुढे झुकतं, मग मान आणि चांगला खांदाही कामाला लागतो. आठवड्यात दुसऱ्या बाजूनंही कुरकुर सुरू."

"आणि तो?"

"त्यानं दुकानात जाऊन स्वतःच्या अकलेनं एक कॅरिअर विकत आणलं, बाळ अंगाशी बांधायचं. स्वस्तातलं. दुकानदारानं 'साहेब, यात बाळ बाहेर तोंड करून बसतं, सगळं बघतं' म्हणून गळ्यात मारलं. बाळ बसायची पट्टी पँटच्या शिवणीएवढी अरुंद. पाय खाली लोंबकळत, सगळा भार जांघेत. आणि बाहेर तोंड केलं की बाळ आपल्या अंगाला चिकटून राहत नाही, पुढे ओढतं. भाची म्हणाली, वजन अंगापासून जितकं लांब तितका खांद्याला जास्त जाच. साडेसात किलो छातीला चिकटून असले तर एक गोष्ट, चार बोटं पुढे लोंबले तर दुसरीच."

इथे काकूंनी भिंतीवर बोटं चढवायला सुरुवात केली. त्यांचाही खांदा मागे कधीतरी धरला होता, तेव्हापासून बोलता बोलता भिंतीवर बोटांनी वर चढायचा व्यायाम त्यांच्या अंगवळणी पडलाय. भिंत ठेंगणी असल्यामुळे तो व्यायाम अर्ध्यातच संपतो.

"मग तुझ्या भाचीनं काय दिवे लावले?"

"आधी बाळाला हातच लावू दिला नाही. तांदळाची पाच किलोची पिशवी मागवली."

"तांदूळ?"

"सराव करायला. दोन कॅरिअर ती बरोबर घेऊन आली होती, तिच्याकडे पेशंटना दाखवायला असतात. त्याला उभं केलं आणि आधी नुसता कमरपट्टा बांधायला लावला. रुंद, आत फोम असलेला. तो पँटच्या पट्ट्यासारखा खाली नाही बांधायचा. कमरेच्या हाडाची वरची कड हाताला लागते ना, तिच्यावर, घट्ट. श्वास घेता आला पाहिजे पण पट्टा घसरता कामा नये. मग पिशवी बसवली आणि खांद्याचे पट्टे न लावताच, नुसत्या हातानं धरून चार पावलं चालायला लावलं. म्हणाली, आता सांगा वजन कुठे आहे? तो म्हणाला, कमरेवर. म्हणाली, मग ते तिथेच राहू द्यायचं. खांद्याच्या पट्ट्यांचं काम बाळ अंगाशी धरून ठेवायचं, उचलायचं नाही. पट्टे खांद्यात रुतायला लागले तर पट्टे सैल करून उपयोग नाही, कमरपट्टा खाली सरकलाय असं समजायचं."

"हे मात्र पटण्यासारखं आहे," काकू म्हणाल्या. पाण्याची कळशी कमरेवर घेऊन वाढलेली बाई, तिला हे पटवून द्यावं लागलं नाही.

"म्हणून कमरपट्टा नसलेलं काहीही बाद. ते जपानी पद्धतीचं ओनबुहिमो असतं, पाठीवर घ्यायचं, हलकं, सुटसुटीत. पण पट्टे फक्त खांद्यावर. अशा खांद्याच्या माणसानं त्याच्याकडे बघूसुद्धा नये."

"आणि खांद्याचे पट्टे कसले असावेत?"

"रुंद, आणि दोन्ही खांद्यांवर. त्यात दोन तऱ्हा. एकात दप्तरासारखे सरळ खाली येतात आणि पाठीवर आडवी क्लिप लागते. दुसऱ्यात पाठीवर फुली होते, उजव्या खांद्यावरचा पट्टा डाव्या बगलेखाली येऊन लागतो आणि डावा उजवीकडे. बहुतेकांना फुली बरी पडते, भार पाठभर पसरतो. पण यांच्या घरात खरी मेख होती त्या आडव्या क्लिपची. ती मानेच्या खाली, दोन फऱ्यांच्या मध्ये लागते. ज्याला मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, तो तिथे हात कसा नेणार?"

"बायको लावून देईल."

"दुपारी बायको हिंजवडीत, ऑफिसात. दुसऱ्याच्या हातानं बांधावं लागतं ते आपलं नव्हेच, असं भाची म्हणाली. हे मला फार पटलं हो. सगळे फोम बघतात, रंग बघतात, डोक्यावरची टोपी बघतात. आपला दुखरा हात जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच सगळ्या क्लिपा आहेत का, हे कुणी बघत नाही. फुलीवाल्यात क्लिपा बगलेखाली, बाजूला. घट्ट करायची पट्टी पुढे ओढायची, मागे नाही. आणि एक युक्ती तिनं त्याला शिकवली: दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. सदरा घालतानाही तेच. चांगला हात वाकतो, वळतो, त्याला नंतर जागा करून घेता येते. त्यानं खुर्चीवर बसून तांदळाच्या पिशवीवर दोनदा केलं, तिसऱ्यांदा बाळ घेतलं. बाळ पाच मिनिटांत झोपलं."

"तांदूळ कुठले होते?"

"आंबेमोहोर. काकू, मुद्द्यावर राहा."

पण काकूंना आता राणी आठवली होती. "अगं, आपल्या बालगंधर्वपाशी झाशीच्या राणीचा चौक आहे. राणीच्या चित्रात पोर पाठीशी शेल्यानं बांधलेलं असतं. तिला नाही लागला तो फोमचा पट्टा."

"शेला छातीवरून कमरेला आवळून बांधलेला असतो, काकू, बघा कधी नीट. नुसत्या कापडाला कुणी नावं ठेवत नाही. पाच वार चांगलं विणलेलं सुती कापड दोन्ही खांद्यांवर पसरून, पाठीवर फुली करून, कमरेला गाठ मारली तर त्याच्याइतकं अंगासरशी बसणारं दुसरं काही नाही, पट्टा रुतायला कडच नसते. जुनी सुती साडीही चालते, विरलेली नको. रेशमी आणि सिंथेटिक नकोच, गाठ सरकते. पण ते कापड पाठीमागून ओढून घ्यायला दोन्ही हात मागे न्यावे लागतात. तिला जमेल कदाचित, मनगट बरं झालं की. त्याला नाही. आणि ते टी-शर्टसारखं ताणणारं कापड मिळतं ना, ते तान्ह्यासाठी मऊ असतं खरं, पण बाळ सात-आठ किलोचं झालं की लोंबायला लागतं."

"आणि खांद्यावर काहीच नको असेल तर?"

"काकू, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात. तेही आहे. आफ्रिकेत बायका बाळ पाठीवर घेऊन बगलेखालून कापड गुंडाळतात, छातीवर खोचतात, खांदा पूर्ण मोकळा. गंमत सांगते. ॲन मूर नावाची अमेरिकन नर्स साठच्या दशकात टोगो देशात होती, तिनं हे बघितलं. घरी जाऊन स्वतःच्या मुलीला तसंच बांधलं तर पोरगी सारखी घसरायला लागली. मग तिनं आणि तिच्या आईनं मिळून पट्टेवाली पिशवी शिवली, १९६९ मध्ये पेटंट घेतलं, स्नगली नावानं ती जगभर गेली. म्हणजे टोगोच्या बायकांचे मोकळे खांदे बघून अमेरिकेनं पट्टे खांद्यावर आणले."

"शहाणेच की."

"ते बगलेखालचं बांधणं लहानपणापासून बघितलेलं असेल तर जमतं. आणि पाजणाऱ्या बाईच्या छातीवर ते आवळतं, दूध तुंबायचं भय. म्हणून भाचीनं तिला सुचवलं नाही. बाळ बसायला लागलं की हिपसीट म्हणून मिळते, कमरपट्ट्यालाच छोटी बैठक असते, तुमच्या कडेवरचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती. खांद्यावर काही नाही. पण एक हात बाळाभोवती ठेवावाच लागतो, आणि कंबर दुखणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये."

तेवढ्यात त्यांच्या जिन्यावरून तोच खाली आला. छातीशी बाळ, बाळाचं टक्कल त्याच्या हनुवटीखाली. आम्ही दोघींनी कौतुकानं बघितलं. हे एक मला कळत नाही: बापानं पोटाशी बाळ बांधलं की सगळी गल्ली 'अगंबाई, किती गोड' म्हणते, आईनं बांधलं की 'खाली ठेव, सवय लागेल' म्हणते. सवय लागेल वगैरे काही खरं नाही. १९८६ मध्ये कॅनडात माँट्रियलला हुन्झिकर आणि बार या दोघांनी बघितलं होतं, रडत नसतानाही दिवसातून जास्त वेळ अंगावर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्याला ४३ टक्के कमी रडत होती.

"काय हो, जमतंय का?" काकूंनी विचारलं.

"जमतंय, आजी. चाललोय आता जरा डेक्कनला, स्कूटरवर. हे बांधलेलंच आहे, दोन्ही हात मोकळे."

काकूंच्या हातातली डहाळी खाली पडली. मग त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की कॅरिअर चालायला असतं, गाडी चालवायला नाही. पडला तर पाच महिन्यांचं बाळ त्याच्या आणि हँडलच्या मध्ये चिरडणार. सरकारचा नियमही आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला, वर्षभरानं लागू झाला: दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सेफ्टी हार्नेस, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. पाच महिन्यांच्या डोक्याला बसेल असं हेल्मेटच नसतं, म्हणजे काय ते समजून घ्यावं. तो बिचारा रिक्षा बोलवायला लागला.

रिक्षा येईस्तोवर मी त्याचं सगळं तपासून घेतलं. भाचीनं शिकवलेलं डोक्यात ताजं होतं. मान खाली न वाकवता नुसते ओठ टेकवले तर बाळाच्या टाळूला लागतात ना? लागत होते. बाळाचं तोंड दिसतंय, कापडानं झाकलेलं नाही. हनुवटी छातीला टेकलेली नाही, खाली दोन बोटं जातात. पाठीला आधार आहे, दबत नाही. यातलं हनुवटीचं फार महत्त्वाचं. चार महिन्यांआतलं बाळ पिशवीसारख्या खोल स्लिंगमध्ये मुडपून बसलं की श्वास कोंडतो आणि ते रडतसुद्धा नाही. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं यावरून इशारा दिला होता, आधीच्या वीस वर्षांतले निदान १४ मृत्यू त्यांनी तपासायला घेतले होते, आणि त्याच महिन्यात एका कंपनीच्या दहा लाखांवर स्लिंगा परत मागवल्या गेल्या. आपल्या झोळीतही बाळ असंच मुडपतं, तेव्हा झोळीतल्या बाळाकडेही अधूनमधून बघायचं असतं.

"आत कुंची घातलीय का?" काकूंनी रिक्षातल्या बाळाकडे वाकून विचारलं.

"हो, आईनं घातली."

"काढ. एप्रिल आहे. बापाच्या अंगाची ऊब, वर हे फोमचं, वर कुंची. पोर उकडून निघेल."

काकूंना हे कुणी शिकवलं नव्हतं. कुंची निघाली, आतलं डोकं घामानं थबथबलेलं होतं.

रिक्षा गेली. काकूंनी डहाळी उचलली, पण पाय निघेना. "मला एक सांग. माझ्या पुतणीचं डोहाळजेवण आहे पुढच्या आठवड्यात. तिला स्पाँडिलायटिस. मी म्हटलं होतं, छान हातमागाची स्लिंग घ्यावी, लक्ष्मी रोडला बघून आले होते."

"नका घेऊ, काकू. आधी तिला घेऊन दुकानात जा. इथे दुकानांना काय तोटा आहे, फर्स्टक्राय तर पुण्यातच सुरू झालेली कंपनी. घरातून पाच किलोची पिशवी न्या, लाजायचं नाही. कमरपट्टा तिच्या कमरेला बसतो का, पट्टे मानेपाशी रुततात का, क्लिप तिची तिला लागते का, ते बघा. पाच मिनिटांनी नव्हे, दुकानात पंधरा मिनिटं फिरून बघा. बाळाचं बूड ते गुडघा भरेल एवढी बैठक रुंद आहे का आणि पुढे मोठी करता येते का, तेही. पाचशेपासून काही हजारांपर्यंत मिळतं, महाग म्हणजे बरं असं नाही. हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली तर लगेच काढायचं आणि डॉक्टर गाठायचा. आणि पावती जपून ठेवा. बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारायचं, नंतर नाही."

"आणि तिचा नवरा? तोही घेणारच की बाळाला."

"मग त्यालाही न्या. दोघांच्या कमरेला एकच पट्टा बसत नसेल तर घेऊ नका."

"त्याची कंबर बघितलीयस का तू?" काकू म्हणाल्या. "दोन घ्यावी लागतील."